घरात कॉम्प्युटर घेताना तुम्ही नक्की काय बघितलं? खरं सांगा

स्क्रूड्रायव्हर (सोमवार, रात्री ९:४०)

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २००१ पासून लोकांचे कॉम्प्युटर उघडतोय. विक्री फारशी करत नाही, त्यामुळं कुणाला काही खपवायचा हेतू नाही, हे आधीच सांगतो.

परवा एक गृहस्थ नवा लॅपटॉप घेऊन आले. पडद्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून तसाच. म्हणाले, "बघा हो, चांगला दिलाय का?" साठ हजार मोजून झाल्यावर! मी विचारलं, हाच का घेतलात? जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "साडूंनी घेतलाय."

तेव्हापासून येईल त्याला हाच प्रश्न विचारतोय आणि उत्तरं एका वहीत लिहितोय. शास्त्र वगैरे काही नाही, नुसता नाद. काही उत्तरं अशी: भाच्यानं सांगितलं. दुकानदार ओळखीचा होता. बॅग आणि माऊस मोफत होता. निळा रंग पोरीला आवडला. हप्ता पगारात बसत होता. कीबोर्डला उजवीकडं आकडे होते (हे टॅली करणाऱ्या ताईंचं, आणि हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं). बँकेतनं निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "हातात जड लागला, म्हणजे मजबूत असणार." प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नाव पहिल्यांदा घेणारे फार थोडे. ते सगळे "आय फाइव्ह" म्हणतात. कितव्या पिढीचा, असं विचारलं की पंख्याकडं बघतात.

मी सुरुवात केली तेव्हा 'एचपी घेऊ का डेल' असं फारसं कुणी विचारत नव्हतं. असेंबल करून घ्यायचे. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, पंधरा इंची डबा मॉनिटर, लोडशेडिंगसाठी युपीएस, आणि सुताराकडनं करून घेतलेलं टेबल, ज्याचा कीबोर्डचा खण कायम अडकायचा. पहिल्या दिवशी हळदकुंकू आणि नारळ. पाणी आत उडू नये म्हणून मी कॅबिनेटपुढं आडवा उभा राहायचो.

पुढं गिऱ्हाईक एकच शब्द घेऊन यायला लागलं: पेंटियम फोर. प्रोसेसर ही कॉम्प्युटरच्या आतली चीज, गिऱ्हाइकाला आयुष्यात दिसायची नाही, पण इंटेलनं १९९१ पासून 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर डब्यावर लावून तिचं नाव घराघरात नेलं. पेंटियम फोरच्याच काळात इंटेलच्या स्पर्धक एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २४००+ होता. पळायचा २ गिगाहर्ट्झवर, पण काम २.४ च्या पेंटियम फोरच्या तोडीचं. आता २ मोठा का २.४, हे पहिलीतलं पोरगंही सांगतंय. मग एएमडीनं नावातच २४०० घातलं. घालणार नाही तर काय करणार?

तर मंडळी, तुम्ही काय बघितलं होतं? लाजू नका.

हिंजवडीत_अडकलेला (सोमवार, रात्री १०:१५)

मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, सध्या पुण्यात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लोक अडाण्यासारखे पैसे घालवतात. दहा मिनिटं वाचलं तर कळतं.

आय सेव्हन म्हणजे भारी आणि आय थ्री म्हणजे भंगार, हेच मुळात चूक. सातव्या पिढीच्या आय सेव्हन ७५००यू मध्ये दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) होते. बाराव्या पिढीच्या आय थ्री १२१५यू मध्ये सहा आहेत, आणि तो त्या जुन्या सेव्हनला सहज मागं टाकतो. तरी आमच्या मामांनी गेल्या वर्षी वापरलेला आय सेव्हन घेतला, 'स्वस्तात सेव्हन मिळाला' म्हणून पेढे वाटले. आता तर इंटेलनं नव्या चिपांच्या नावातनं तो 'आय'च काढून टाकलाय, कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ वगैरे. मामा आता काय करणार देव जाणे.

गंगावेस_कट्टा (सोमवार, रात्री १०:५०)

भावा, दहा मिनिटं वाचून कळतंय तर मग तू म्हैस घेऊन दाखव.

आमच्या घरात तीन पिढ्या दुधाचा धंदा. बाजारात म्हैस बघताना दात बघायचे, कास बघायची, कितव्या वेताची ते विचारायचं. तू जी पिढी म्हणतोस ना, ती म्हणजे वेत. आणि कास मोठी म्हणजे दूध जास्त असं अजिबात नसतंय, नुसती मांसाची कास असली तर बसा बोंबलत. शिवाय व्यापारी आदल्या वेळची धार चुकवून आणतोय, म्हणजे कास तट्ट फुगलेली दिसते. म्हणून शहाणा माणूस लागोपाठ दोन वेळची धार स्वतः बघतोय, मगच पैसे सोडतोय.

दुकानात कॉम्प्युटरची धार कोण काढून दाखवतंय? चालू करतात, समुद्राचा व्हिडिओ लावतात, झालं. मग माणूस काय करणार? म्हशीत कळत नसलं की कळणाऱ्या पावण्याला बरोबर नेतात. हितंही तेच. साडूचं ऐकणारा अडाणी न्हाई.

सायबर_चौक (सोमवार, रात्री ११:०५)

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. कट्टेकर, तुम्ही जे सांगितलंत तेच अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींवरून मांडलं: विकणाऱ्याला माल माहीत, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सगळ्याच मालाकडं संशयानं बघतो आणि चांगला माल बाजारातून निघून जायला लागतो. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंगावेशीला काही मिळालं नाही.

स्क्रूड्रायव्हर (मंगळवार, सकाळी ८:२०)

कट्टेकर, "कास मोठी" वाचून रात्री एकटाच हसत होतो. कारण माझ्याकडं याचं अगदी नेमकं उदाहरण आहे.

२०१८-१९ च्या आसपास दुकानांत दोन प्रकारचे लॅपटॉप शेजारी शेजारी असायचे. एकावर लिहिलेलं '१ टीबी', दुसऱ्यावर '२५६ जीबी एसएसडी', म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी, वेगवान. किंमत जवळपास सारखी. घरगुती गिऱ्हाईक कुठला उचलणार? १ टीबी. चौपट मोठा आहे, कोण सोडतंय? पण आत मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी हार्ड डिस्क, आणि तिच्यावर विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, चहा ठेवायचा, चहा गाळायचा, तोपर्यंत पडदा उगवायचा. त्या टीबीत भरलेलं काय असायचं? लग्नाचा अल्बम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची सुप्रभातं, मिळून ६० जीबी.

आज त्याच मशिनी माझ्याकडं येतात. "स्लो झालाय, नवा घेऊ का?" मी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो, बाकी एक स्क्रू बदलत नाही. लोकांना वाटतं मी काहीतरी जादू केली. एक आजोबा तर म्हणाले, "व्हायरस भरपूर होता वाटतं."

आणि मग चार दिवसांनी फोन. "५१२ सांगून ४७६ च दाखवतोय, ३६ जीबी कुठं गेले?" कुणी खाल्ले नाहीत हो. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. हे मी वर्षातनं पन्नास वेळा सांगतो आणि पन्नास वेळा समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं की यानंच खाल्लेत.

माईंचा_मळा (मंगळवार, दुपारी २:३०)

मी कागलच्या अलीकडं राहतो. वाचतो सगळं, लिहितो कधीतरी. आमची गोष्ट ऐका.

थोरल्या पोराला इंजिनिअरिंगला घातला. पहिल्याच महिन्यात म्हणतोय, "ऑटोकॅड करायचंय, साधा चालत न्हाई, ग्राफिक कार्डाचाच लागतोय." मी म्हटलं शिक्षणाचं हाय, करू. ह्यांनी उसाचं बिल आल्यावर ऐंशी हजार दिले. लॅपटॉप आला, त्याचा चार्जर बघितला तर अक्षरशः वीट. कीबोर्डात लाल-हिरवे दिवे. रात्री बघतो तर पोरगं कानाला हेडफोन लावून "मार मार, डावीकडं हाय" करून ओरडालंय. मी विचारलं, हे कसलं ऑटोकॅड रं?

आता धाकटी बारावीनंतर बीकॉमला जायची हाय. तिला काय घेऊ ते सांगा. ह्या वेळी मी स्वतः दुकानात जाणार हाय.

हिंजवडीत_अडकलेला (मंगळवार, दुपारी ३:००)

काका, बीकॉमला ग्राफिक कार्डाची काही गरज नाही. १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, अलीकडच्या पिढीचा आय थ्री किंवा एएमडीचा रायझन ५, फुल एचडी आयपीएस पडदा, वजन दीड किलोच्या आसपास. एवढं लिहून न्या.

माईंचा_मळा (मंगळवार, दुपारी ३:१०)

काका न्हवं, बाई हाय मी. 'मी जातो, मी येतो' म्हटलं की लगेच काका? कोल्हापूर इसरलास काय रं पुण्याला जाऊन?

हिंजवडीत_अडकलेला (मंगळवार, दुपारी ३:१२)

चुकलो काकी. माझी आईपण असंच बोलते. पाया पडतो.

उद्यमनगरी (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

काकींच्या पोराची बाजू थोडी घेतो. पहिल्या वर्षाचं टू-डी ड्रॉइंग साध्या लॅपटॉपवर व्यवस्थित होतं. पुढं थ्री-डी मॉडेल, मोठ्या असेंब्ली आल्या की कार्डाचा उपयोग आहे. म्हणजे पोरगं साफ खोटं बोलला नाही, तीन वर्षं आधी खरं बोलला.

आमच्या वर्कशॉपात लेथच्या शेजारचा डेस्कटॉप दहा वर्षं जुना आहे, आत लोखंडाचा कीस. घरी नवा घेताना मी तीच कंपनी, तोच कीबोर्ड घेतला. कारण काय? बोटांना सवय. बाकी काही नाही.

खडूफळा (मंगळवार, रात्री ९:१५)

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडं संगणक आला तो हौसेनं नव्हे. आधी एमएस-सीआयटी झालं, मग पगाराचं शालार्थ, मग यू-डायसची, म्हणजे शाळेच्या आकडेवारीची, माहिती. सगळं ऑनलाइन आणि सगळ्याची शेवटची तारीख उद्या. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि वर्गच मोबाईलवर भरायला लागले, तेव्हा कर्ज काढून लॅपटॉप घेतला. दुकानांत मालच नव्हता, जो होता त्यातला निवडायचा.

मी कसा निवडला सांगू? आमच्या केंद्रातल्या दोन शिक्षिकांकडं एकाच मॉडेलचा होता, तोच घेतला. रात्री अकरा वाजता पीडीएफ अपलोड होत नसली की फोन करायचा, "तुझ्यात कुठं दाबायचं गं?" ती सांगणार, "डावीकडं खाली, निळं चित्र." माझ्यातही डावीकडं खाली निळं चित्रच. दुसऱ्या कंपनीचा यापेक्षा चांगला होता, स्वस्तही होता म्हणे. पण त्यातलं निळं चित्र कुठं आहे ते मला अकरा वाजता कोण सांगणार होतं?

टक्स_पेंग्विन (मंगळवार, रात्री ९:५०)

विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं कुणीच नाव काढलं नाही, म्हणून काढतो. फुकट, व्हायरसचा त्रास जवळपास नाही, जुन्या मशीनवर पळतं, मराठी झकास दिसतं. पाच-सहा हजार वाचवायला लोक विंडोजशिवायचा डॉसवाला लॅपटॉप घेतात आणि मग त्यात चोरीचं विंडोज टाकून घेतात. हे का?

स्क्रूड्रायव्हर (मंगळवार, रात्री १०:३०)

कारण चोरीचं विंडोज टाकणारा प्रत्येक गल्लीत आहे आणि लिनक्स टाकणारे तुम्ही एकटे. (मी स्वतः घरी उबुंटू, म्हणजे लिनक्सच, वापरतो, हे आपल्यातच ठेवा.) चार घरांत मी घालून दिलं होतं. एकाला टॅली पाहिजे होतं, एकाचा स्कॅनर रुसला, एकाच्या पोराचा व्हॅलोरंट गेम चालेना. चौथ्या घरात एक आजी आहेत, त्या आजही त्यावर भजनं ऐकतात आणि नातीशी व्हिडिओ कॉल करतात. त्यांना विंडोज का लिनक्स हा प्रश्नच माहीत नाही.

खडूफळा ताई, तुमचं उत्तर मी वहीत आख्खं उतरवून घेतलं. मला इतके दिवस नीट सांगता येत नव्हतं ते हेच. बिघडला, अडला, तर फोन कुणाला करायचा हे ज्याचं ठरलेलं असतं, त्याची खरेदी दुकानात शिरायच्या आधीच झालेली असते. साडूंनी घेतलाय म्हणजे साडूंना विचारता येतंय. भाच्यानं सांगितलंय म्हणजे भाचा आता अडकला, पुढची पाच वर्षं तो दिवाळीला आला की आधी लॅपटॉप बघणार, मग फराळ. हिंजवडीकर, तुमच्या मामांनी तुम्हाला विचारलं नव्हतं का?

हिंजवडीत_अडकलेला (मंगळवार, रात्री १०:४१)

विचारलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो. "लिंक पाठवतो" म्हणालो आणि विसरलो.

गंगावेस_कट्टा (मंगळवार, रात्री १०:४४)

झालं तर मग. जाग्यावर पलटी.

पत्रिकावाला (बुधवार, सकाळी ७:३०)

माझं जरा उलटं आहे. घरातनंच लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं काम करतो. माझा मुख्य कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याला एप्रिल २०१४ मध्येच वाऱ्यावर सोडलं, तरी मी सोडला नाही. नेटला जोडत नाही. वीस वर्षांचे श्रीलिपीतले मजकूर, कोरलच्या फायली, सगळं त्यात. त्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये (आता सगळीकडं चालतं त्या पद्धतीत) नेला की जोडाक्षरं तपासत बसावं लागतं, आणि पत्रिकेत 'चि. सौ. कां.' चुकलं तर दोन घराणी दारात उभी राहतात. प्रिंटर कॅनन २९००, कीबोर्ड टीव्हीएस गोल्ड. त्याचा टकटक आवाज बंद झाला की आई आतनं विचारते, "काम संपलं का रे?"

त्यामुळं मी कॉम्प्युटर निवडला असं म्हणताच येत नाही. जुनं काम ज्याच्यात अडकलंय तोच ठेवलाय. मुलीसाठी मात्र नवा घेतला. तिच्या मैत्रिणीचा एएमडीचा होता, तो घेऊ नका म्हणून तीन जणांनी सांगितलं, "गरम होतो". खरं आहे का?

स्क्रूड्रायव्हर (बुधवार, सकाळी ९:००)

पंचवीस वर्षांपूर्वी खरं होतं. तेव्हाच्या अ‍ॅथलॉनवरचा हीटसिंक (चिप गार ठेवणारा धातूचा तुकडा) निघाला तर चिपला स्वतःला आवरता यायचं नाही, जळून जायची. पेंटियम फोर तशा वेळी वेग कमी करून तग धरायचा. मग २००४ ला इंटेलचाच प्रेस्कॉट नावाचा पेंटियम फोर आला, तो इतका तापायचा की आम्ही कॅबिनेटचं एका बाजूचं पत्रं काढूनच ठेवायचो. पण 'इंटेल गरम होतो' असं कुणी म्हटलं नाही. बदनामी आधी एएमडीच्या नावावर चढली होती. आजचे रायझन बघितले तर त्या बोलण्यात काही अर्थ नाही. एकदा गावात नाव पडलं की पडलं.

दुधाळी_घाट (बुधवार, दुपारी १२:१०)

आमच्या घरातलं कारण कुणाच्याच यादीत नाही. पाणी.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. आमच्या घरात कमरेएवढं पाणी. रात्री अंधारात आधी आईला वर नेलं, मग गॅसची टाकी, मग कागदपत्रं. डेस्कटॉप टेबलावरच राहिला. वायरी सोडवायला वेळ कुणाला होता? २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा लॅपटॉप होता. दप्तरात घातला आणि निघालो. तेव्हापासून आमच्यात डेस्कटॉप नाही. कितीही स्वस्त पडो, कितीही पळो.

स्क्रूड्रायव्हर (बुधवार, दुपारी १:४०)

त्या महिन्यात माझ्या दुकानात चिखलानं भरलेल्या कॅबिनेटांची रांग होती. पुसून, वाळवून, घाईनं चालू करून बघितलेले सगळे वाया गेले. ज्यांनी बटण न दाबता तसेच आणले त्यांच्यातल्या काहींच्या डिस्क वाचल्या. कुणीही मशीनबद्दल विचारलं नाही, सगळ्यांचं एकच: "फोटो निघतील का?" एका मावशींच्या गेलेल्या मालकांचे फोटो निघाले नाहीत. ते अजून डोक्यात आहे.

म्हणून इथं एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो: कुठलाही घ्या, फोटो दुसऱ्या एका जागी ठेवा.

सायबर_चौक (बुधवार, दुपारी २:०५)

भीतीनं होणारी खरेदीही वहीत लिहा. गेल्या वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये चार जणांनी 'विंडोज १० बंद होणार' म्हणून नवे लॅपटॉप घेतले.

स्क्रूड्रायव्हर (बुधवार, दुपारी २:३०)

लिहिलंय, आख्खं पान भरलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मशीन बंद पडणार असंच लोकांना वाटत होतं. मशीन बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट बंद होतात. तेही नोंदणी केली तर घरगुती वापराला आणखी एक वर्ष मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, त्यामुळं सातव्या पिढीचे चांगले धडधाकट लॅपटॉपही अधिकृतपणे बाहेर. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा 'पिढी' हा शब्द कळला तो असा, दारातनं बाहेर काढताना.

माईंचा_मळा (रविवार, सायंकाळी ७:२०)

घेतला बरं का मंडळी.

हिंजवडीच्या पोरानं सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलो. पहिल्या मोठ्या शोरूमात गेलो. तिथला साहेब माझा कागद न बघताच म्हणतोय, "मॅडम, हा घ्या, ऑफर आजच संपत्येय." मी म्हटलं दोन वेळची धार बघितल्याशिवाय घेत न्हाई. त्याला काय कळलं न्हाई. पोरगी मातूर हसून हसून लाल झाली.

मग शाहूपुरीत एका लहान दुकानात गेलो. तिथल्या पोरानं कागद वाचला, म्हणाला, "हे कुणी लिहून दिलंय? बरोबर हाय." मग स्वतःच उघडून दाखवला, दुसरी रॅम कुठं बसती ते सांगितलं, बंद करून परत चालू करून दाखवला. बारा सेकंद लागले, मी मोजले. १६ जीबी न्हवता, ८ चा घेतला, पुढं वाढवतो म्हणाला.

हिंजवडीत_अडकलेला (रविवार, सायंकाळी ७:३५)

भारी काकी! म्हणजे शेवटी चालू व्हायचा वेग बघून घेतलात.

माईंचा_मळा (रविवार, सायंकाळी ७:५०)

तसं न्हवं. बोलता बोलता ते पोरगं आमच्या शेजारच्या गावचं निघालं. त्याची चुलती आमच्या बचत गटात हाय. काय झालं तर घरी येऊन बघतो म्हणालाय.

स्क्रूड्रायव्हर (रविवार, रात्री ८:१०)

वहीत लिहिलं.

माईंचा_मळा (रविवार, रात्री ८:१४)

काय लिहिलासा?

स्क्रूड्रायव्हर (रविवार, रात्री ८:१५)

'चुलती बचत गटात.' ताई, तेवढा पडद्यावरचा प्लास्टिकचा कागद काढून टाका.

माईंचा_मळा (रविवार, रात्री ८:२१)

ऱ्हाऊ दे की. उद्या पावणं येणार हाईत, त्यांनी बघू दे आधी.